‘गिव्ह’ची चूक परत परत का होते आणि ती कशी थांबवायची: सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, ‘गिव्ह’ची चूक हमखास ऐकायला मिळेल. ‘आय गेव्ह टू माय ब्रदर मोबाइल.’ ‘सर, गिव्ह मी गो.’ ‘ही डिडन्ट गेव्ह मी.’ ‘आय गेव्ह एसएसएलसी एक्झाम’ (एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी). वहीत लाल पेनाने दुरुस्ती होते, पोरं तेच वाक्य पाच-पाच वेळा लिहून आणतात आणि पुढच्या निबंधात चूक पुन्हा हजर असते. मग ‘लक्षच देत नाही’ असा शिक्का बसतो. मला तो शिक्का मान्य नाही. ही मुलं मराठीतलं ‘देणे’ इमानेइतबारे इंग्रजीत नेत असतात, पण त्या ‘देणे’ची कामं किती आणि ‘गिव्ह’ची किती, हे त्यांना कुणी नीट मांडून दाखवलेलं नसतं. चुका वेगवेगळ्या दिसल्या तरी मुळं दोन-चारच आहेत. ती सापडली की वाक्यागणिक दुरुस्ती करत बसावं लागत नाही.

त्यात आपल्या भागातल्या मुलांकडे पुण्या-साताऱ्याच्या मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे कन्नड. शाळेत विषय म्हणून, बाजारात, बसमध्ये, शेजारीपाजारी कन्नड रोज कानावर पडतं. इंग्रजी शिकताना ते बाजूला ठेवायला सांगतात, पण या एका क्रियापदासाठी तरी ते मुद्दाम कामाला लावावं, असं मी आग्रहाने सांगेन. कसं ते खाली येईलच.

पहिली तपासणी: ‘दे’च्या आधी काय आलंय?

मराठीत ‘दे’ तीन जागी बसतं. एक, एकटंच: पेन दे, पाणी दे, पत्ता दे. दोन, ‘-ऊ’च्या मागे: जाऊ दे, लिहू दे, बोलू दे, राहू दे. तीन, ‘-ऊन’च्या मागे: लिहून दे, करून दे, पाठवून दे, फेकून दे. ‘गिव्ह’ यातलं पहिलंच काम करतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी त्याला घातलं की वाक्य मोडतं, मग मागचे-पुढचे शब्द कितीही बरोबर असोत.

‘-ऊ दे’ म्हणजे परवानगी, मोकळीक. तिथे ‘लेट’ येतं. ‘मला जाऊ दे’ म्हणजे ‘लेट मी गो’. ‘त्याला बोलू दे’ म्हणजे ‘लेट हिम स्पीक’. ‘लेट’नंतर ‘टू’ नाही आणि ‘गोइंग’ही नाही, क्रियापद आहे तसं ठेवायचं. हा फरक मराठीतून समजावायला गेलं की मुलं अडखळतात, कारण मराठीला दोन्हीकडे ‘दे’च लागतं. पण तेच वाक्य कन्नडमध्ये म्हणून बघायला सांगा. ‘मला पुस्तक दे’ म्हणजे ‘ननगे पुस्तक कोडु’. ‘मला जाऊ दे’ म्हणजे ‘नन्न होगाक बिडु’. क्रियापद बदललं! जिथे इंग्रजी ‘लेट’ म्हणतं तिथे कन्नडनेही ‘कोडु’ सोडून ‘बिडु’ घेतलं. म्हणजे मुलाच्या तोंडात जो फरक आधीपासून आहे, त्याला फक्त जागं करायचं. ‘कोडु’ आलं तर ‘गिव्ह’ची शक्यता आहे, ‘बिडु’ आलं तर ‘लेट’. दहावीच्या मुलाला व्याकरणाचं नाव न घेता एवढं सांगितलं तरी ‘गिव्ह मी गो’ची सवय सुटू लागते.

‘-ऊन दे’ला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण कन्नडही तिथे आपल्यासारखंच बोलतं: करून दे, ‘माडि कोडु’, लिहून दे, ‘बरेदु कोडु’. दोन्ही भाषा एकाच दिशेला ओढतात, म्हणून ‘राइट अँड गिव्ह मी’ ही चूक आपल्याकडे जास्त घट्ट बसलेली आहे. इथे नियम साधा ठेवा. ‘-ऊन’ असेल तर ‘दे’ खोडून टाका आणि उरलेल्या क्रियापदाचंच इंग्रजी करा. कुणासाठी ते सांगायचं असेल तर शेवटी ‘फॉर मी’, ‘फॉर हर’. अर्ज लिहून दे: ‘राइट द अ‍ॅप्लिकेशन फॉर मी’. पाठवून दे: ‘सेंड इट’. फेकून दे: ‘थ्रो इट अवे’. क्वचित लिहिलेला कागद खरोखर हातात हवा असतो, तेव्हा ‘राइट इट डाउन अँड गिव्ह इट टू मी’ बरोबरच आहे, पण दहातल्या नऊ वेळा आपल्याला काम झालेलं हवं असतं.

दुसरी तपासणी: ‘टू’ कुठे बसलाय?

मराठीत घेणाऱ्याच्या मागे ‘ला’ लागतोच. ‘मी राजूला पेन दिलं’ म्हणा, ‘पेन मी राजूला दिलं’ म्हणा, शब्द कुठेही हलवा, ‘ला’ राजूला सोडत नाही. कन्नडमध्येही ‘-गे’ तसाच चिकटून असतो. साहजिकच मुलाला वाटतं, इंग्रजीतही राजूजवळ काहीतरी हवं, म्हणून ते ‘टू राजू’ करतं. आणि मराठीच्या क्रमाने राजू आधी येत असल्यामुळे वाक्य होतं ‘आय गेव्ह टू राजू पेन’.

इंग्रजीत घेणारा कोण हे शब्दाच्या जागेवरून कळतं. ‘गेव्ह’ला लागूनच माणूस आला तर तो घेणारा, त्याला वेगळी खूण नको: ‘आय गेव्ह राजू अ पेन’. वस्तू मध्ये आली तर माणूस लांब गेला, मग तो घेणारा आहे हे सांगायला ‘टू’ लागतो: ‘आय गेव्ह अ पेन टू राजू’. पोरांना मी असं पाठ करायला लावतो: माणूस आधी, टू नको, वस्तू आधी, टू हवा.

हे नुसतं फळ्यावर लिहून उपयोग होत नाही, हातांनी करायला लावलं की बसतं. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापा. एकीवर ‘आय गेव्ह’, एकीवर ‘राजू’, एकीवर ‘अ पेन’ आणि एका लाल चिठ्ठीवर ‘टू’. बाकावर ‘आय गेव्ह’ मांडायचं आणि मुलाला उरलेल्या चिठ्ठ्या लावायला सांगायचं. ‘राजू’ची चिठ्ठी ‘गेव्ह’ला टेकली की लाल चिठ्ठी पालथी झालीच पाहिजे. ‘अ पेन’ मध्ये सरकवलं की लाल चिठ्ठी उलटून ‘राजू’च्या पुढ्यात ठेवायची. मग ‘राजू’ काढून ‘माय ग्रँडमदर’ ठेवा, ‘अ पेन’ काढून ‘टू हंड्रेड रुपीज’ ठेवा. थोड्या वेळाने मूल लाल चिठ्ठी न विचारता उलटायला लागतं. तेव्हा चिठ्ठ्या गोळा करायच्या आणि तोंडी घ्यायचं.

पुढच्या दोन बारीक गोष्टी मोठ्या मुलांसाठी. वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल तर वस्तू आधी घ्या: ‘गिव्ह इट टू मी’, ‘आय गेव्ह देम टू सर’. आणि दोन्हींपैकी जो भाग लांबलचक असेल तो शेवटी टाका. ‘नंदगडहून आलेल्या त्या मुलाला मी डबा दिला’ हे वाक्य मराठीत मुलापासून सुरू होतं, पण इंग्रजीत ‘आय गेव्ह द टिफिन टू द बॉय हू हॅड कम फ्रॉम नंदगड’ असं सुटसुटीत होतं. ‘गेव्ह’नंतर आधी तो सगळा मुलगा आणि मग टिफिन आला, तर वाचणाऱ्याला दमछाक होते.

तिसरी तपासणी: ‘मला दिलं’चं ‘आय गेव्ह’ झालंय का?

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर दिसतं. पत्रलेखनाच्या सरावात एका मुलीने मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. तिला म्हणायचं होतं, ‘मला अजून हॉल तिकीट दिलेलं नाही’. तिने लिहिलं, ‘आय हॅव नॉट गिव्हन द हॉल टिकेट’. टू नाही, रूप चुकलेलं नाही, ‘द’सुद्धा जागेवर. फक्त अर्थ उलटा झाला: तिकीट देणारी तीच, आणि तिनेच ते दिलं नाही! तपासणाऱ्याने घाईत बरोबरची खूण केली असती तर त्याला दोष देता आला नसता.

हे का होतं? पहिलीपासून मुलं काय शिकतात बघा. मला भूक लागली: ‘आय अ‍ॅम हंग्री’. मला आंबा आवडतो: ‘आय लाइक मँगो’. मला माहीत आहे: ‘आय नो’. मला सर्दी झाली: ‘आय हॅव अ कोल्ड’. वर्षानुवर्षं ‘मला’चं ‘आय’ होत आलेलं असतं आणि ते बरोबरही असतं. मग ‘मला दिलं’ समोर आलं की मूल त्याच सवयीने ‘आय’ लिहितं आणि ‘दिलं’चं ‘गेव्ह’ करतं. वीस ठिकाणी बरोबर ठरलेली सवय एकविसाव्या ठिकाणी अर्थ फिरवते.

उपाय एका प्रश्नात आहे: देणारा कोण? उत्तर ठाऊक असेल तर देणाऱ्याला वाक्याच्या तोंडाशी आणा. सरांनी मला पुस्तक दिलं: ‘सर गेव्ह मी अ बुक’. देणारा ठाऊक नसेल, किंवा सांगायचा नसेल, तर ‘आय वॉज गिव्हन’. मला फॉर्म दिला: ‘आय वॉज गिव्हन अ फॉर्म’. मला अजून हॉल तिकीट दिलेलं नाही: ‘आय हॅव नॉट बीन गिव्हन द हॉल टिकेट’. त्या मुलीच्या वाक्यात आणि या शेवटच्या वाक्यात एका ‘बीन’च्या जोरावर देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल होते, हे मुलांना दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून दाखवा. ‘वॉज गिव्हन’ जड वाटत असेल तर ‘आय गॉट अ फॉर्म’, ‘आय हॅव नॉट रिसीव्हड द हॉल टिकेट’ म्हणजे ‘मिळालं’वर जा. अर्जात ‘रिसीव्हड’ जास्त चांगलं दिसतं.

पीयूसीनंतर, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीनंतर, शिष्यवृत्तीचे, बँकेचे, हॉस्टेलचे अर्ज इंग्रजीत भरायची वेळ येते, तेव्हा ही चूक मार्कांपुरती राहत नाही. तक्रार करणारा मुलगा कागदावर स्वतःच दोषी दिसतो. म्हणून वेळ कमी असेल तर ‘टू’ची चूक मागे ठेवा आणि ही आधी घ्या. ‘आय गेव्ह टू राजू पेन’ वाचणाऱ्याला कळतं तरी.

चौथी तपासणी: देण्यासारखं खरंच काही आहे का?

मराठीत आपण परीक्षा देतो, भेट देतो, लक्ष देतो, पहारा देतो, ढेकर देतो, जांभई देतो. कोंबडा बांग देतो. या प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं शिकावं लागतं आणि त्याला आडवाट नाही. लक्ष दे: ‘पे अटेन्शन’. पहारा देणे: ‘गार्ड’. कोंबडा ‘क्रोज’. म्हैस दूध देते तेव्हा ‘गिव्ज मिल्क’ अगदी बरोबर, पण कोंबडी अंडी देते तेव्हा ‘लेज एग्ज’. भेट या शब्दात तर दोन अर्थ आहेत: वस्तू भेट दिली तर ‘गेव्ह अ गिफ्ट’, गोकाकच्या धबधब्याला भेट दिली तर ‘व्हिजिटेड गोकाक फॉल्स’. ‘गेव्ह अ व्हिजिट टू’ लिहू नका.

परीक्षेचं जरा सविस्तर सांगतो. ‘आय गेव्ह द एक्झाम’ भारतात इतकं रुळलंय की मुलाखत घेणाराही ते बोलतो. तरी बाहेरच्या वाचकाला ‘गेव्ह अ टेस्ट’ म्हणजे शिक्षकाने परीक्षा घेतली असं वाटतं. मुलांसाठी ‘टुक द एक्झाम’ सुरक्षित. ‘सॅट द एक्झाम’ हे ब्रिटिश वळण, तेही चालेल. कन्नडमध्ये परीक्षा ‘लिहितात’, ‘परीक्षे बरेदे’, त्यामुळे बेळगावच्या कॉलेजांत ‘रोट द एक्झाम’ सर्रास ऐकू येतं. ते ऐकून घाबरू नका आणि कुणाला टोकूही नका, पण लिहिताना ‘टुक’ ठेवा. नोकरीच्या मुलाखतीलाही हेच लागू आहे. ‘आय गेव्ह अ‍ॅन इंटरव्ह्यू’ म्हणजे एखाद्या खेळाडूने पेपरला मुलाखत दिली असं होतं. नोकरीसाठी गेला असाल तर ‘आय हॅड अ‍ॅन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय अटेंडेड अ‍ॅन इंटरव्ह्यू’.

मुलींच्या निबंधात ‘माय फॅमिली’मध्ये आणखी एक वाक्य येतं. घरी बोलताना ‘थोरल्या ताईला संकेश्वरला दिलंय’ असं आपण सहज म्हणतो, कन्नड शेजारीणही ‘हेण्णु कोट्टरु’ म्हणते, म्हणजे मुलगी दिली. त्यातून ‘माय सिस्टर इज गिव्हन टू संकेश्वर’ तयार होतं आणि इंग्रजी वाचणारा गोंधळतो. ‘माय एल्डर सिस्टर इज मॅरीड अँड लिव्ज इन संकेश्वर’ असं लिहा. ख्रिस्ती लग्नात वडील मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन करतात त्या विधीला ‘गिव्ह अवे द ब्राइड’ म्हणतात, तेवढ्या जागी ‘गिव्ह’ येतं. ताईच्या वाक्यात नाही.

पाचवी तपासणी: बोलणं बरोबर, पण समोरचा नाराज का होतो?

खानापूर तालुक्यातून गोव्याला हॉटेलात कामाला जाणारी मुलं बरीच आहेत. त्यांच्याकडून हा प्रश्न येतो. ‘गिव्ह मी युवर पासपोर्ट’ म्हटलं, वाक्यात चूक नाही, तरी पाहुण्याचा चेहरा उतरला. कारण मराठीत मान क्रियापदाच्या शेपटीत असतो: दे, द्या, द्या की, द्याल का. कन्नडमध्येही तसंच: ‘कोडु’चं ‘कोड्री’ केलं की झालं. ‘गिव्ह’ला अशी शेपटी नाही. तो लहान मुलालाही ‘गिव्ह’ आणि मॅनेजरलाही ‘गिव्ह’. मान बाहेरून घालावा लागतो: ‘कुड यू गिव्ह मी युवर पासपोर्ट, प्लीज?’ आणि बहुतेक वेळा ‘गिव्ह’ टाळलेलंच बरं: ‘मे आय हॅव युवर पासपोर्ट, प्लीज?’ दुकानात मागतानाही ‘कॅन आय हॅव हाफ अ किलो ऑफ कुंदा, प्लीज’. ‘गिव्ह मी हाफ अ किलो’ला नुसतं प्लीज जोडलं तरी ते हुकूम सोडल्यासारखंच राहतं. मुलं मनात ‘द्या की’ म्हणत असतात, त्यांच्या आवाजात नम्रपणा असतो, पण परक्या कानाला तो शब्दांतच हवा असतो. तोंडी सरावात हे वाक्य जोड्या करून बोलून घ्या, एकाने पाहुणा व्हायचं, एकाने रिसेप्शनवर बसायचं.

रूपांची चूक लवकर आटपते. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने घेतला, मग ‘गिव्ह’ मूळ रूपात: ‘ही डिडन्ट गिव्ह इट टू मी’. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ किंवा ‘वॉज’ आला की ‘गिव्हन’. मराठीत दिला, दिली, दिलं, दिले असं वस्तूप्रमाणे बदलतं. इंग्रजीत वस्तू कुठलीही असो, ‘गेव्ह’ ढळत नाही.

जोडशब्दांपैकी चार पुरेत. ‘गिव्ह बॅक’ म्हणजे परत देणे. ‘गिव्ह आउट’ म्हणजे वाटणे, पेपर वाटले, प्रसाद वाटला. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, आणि पुढे क्रियापद आलं तर ‘-इंग’ लागतं: ‘माय अंकल गेव्ह अप च्यूइंग टोबॅको’. तंबाखूच्या व्यापाराने ओळखल्या जाणाऱ्या निपाणीतल्या मुलांना हे वाक्य बरोबर लक्षात राहतं. आणि ‘गिव्ह वे’: हमरस्त्याला बारका रस्ता मिळतो तिथल्या लाल काठाच्या उलट्या त्रिकोणी पाटीचा अर्थ हाच, मोठ्या रस्त्यावरच्या गाड्यांना आधी जाऊ द्या. पूल खचला, फांदी मोडली यालाही ‘गेव्ह वे’ म्हणतात.

उपायानंतर येणारी नवी चूक

चिठ्ठ्यांचा सराव चांगला झाला की मुलं ‘माणूस आधी, टू नको’ हा नियम सगळीकडे लावू लागतात. सेंड, शो, टेल, टीच, लेंड, ऑफर, पे ही क्रियापदं त्याला मान देतात: ‘शी शोड मी द फोटो’, ‘ही लेंट मी हिज सायकल’. पण एक्स्प्लेन, से, सजेस्ट, डिस्क्राइब आणि डोनेट देत नाहीत. यांच्यात वस्तूच आधी आणि ‘टू’ कायम: ‘एक्स्प्लेन द सम टू मी’, ‘ही सेड समथिंग टू मी’, ‘दे डोनेटेड बुक्स टू द लायब्ररी’. ‘सर, प्लीज एक्स्प्लेन मी’ हे आपल्याकडच्या वर्गात रोज ऐकू येतं, चांगले मार्क पडणाऱ्या मुलांकडूनही. त्यासाठी त्याच बाकावर, त्याच चिठ्ठ्या घेऊन ‘आय गेव्ह’च्या जागी ‘आय एक्स्प्लेन्ड’ ठेवा आणि सांगा: इथे लाल चिठ्ठी पालथी करायला परवानगी नाही. ही पाच क्रियापदं चिठ्ठ्यांवर लिहून वेगळ्या रबरबँडमध्ये ठेवा आणि ‘गेव्ह’चा सराव पक्का झाल्याशिवाय बाहेर काढू नका. दोन्ही गठ्ठे एकाच दिवशी दिले तर मुलं लाल चिठ्ठी अंदाजाने उलटायला लागतात.